चौथ्या गाण्यातली घाई

आमच्या रेगे बँडचा पहिला अल्बम आला आणि ज्याला त्याला त्यावर मत फुटलं. एकट्या आप्पांना सोडून. आणि मला तर नेमकं त्यांचंच हवं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील, आमच्या गुंद गावच्या शिमग्यात ढोल वाजवतात. ठेका त्यांनीच शिकवला मला. बँडमध्ये ड्रम वाजवतो तो मी.

परीक्षणं वाचून तर डोकंच उठलं. एकाला आमच्या गाण्यांत गावाकडच्या काळी नदीचा नाद ऐकू आला. अहो, स्टुडिओ बेळगावात, खिडक्या बंद, कुठली नदी नि कसला नाद! दुसऱ्याला म्हणे जंगलाचा वास आला. ड्रमबद्दल कुणी चकार शब्द लिहिला नाही.

गावात रेंजच्या नावानं बोंब, म्हणून आप्पांसाठी गाणी पेनड्राइव्हवर घालून आणली. "ऐकतो की," म्हणाले आणि खिशात टाकला. दोन आठवडे झाले तरी ब्र नाही. जेवताना विषय काढावा, तर हे आईला म्हणणार, "आमटी वाढ गं."

शेवटी एका सकाळी मीच केळीच्या बागेत गेलो. माकडं हाकलायला आमच्याकडे शेतात भोंगा लावतात. एका आवाजाला ती सरावली, की दुसरा आवाज लावायचा. तर भोंग्यातून आमचा अल्बम वाजत होता! सहा महिने घासून केलेली गाणी, आणि ऐकायला कोण, तर माकडं. त्यातलं एक बांधावर बसून खुशाल केळं सोलत होतं.

माझं टाळकंच सरकलं. "आप्पा, यासाठी दिली होती व्हय गाणी मी?"

"मग? पैले चार दिस फिरकली न्हाईत की."

"अहो, माकडांचं राहू द्या! तुम्हाला कसं वाटलं?"

आप्पांनी कोयता खाली ठेवला. "पैला ठोका सोडून देतासा तुम्ही. आधी मी तितं अडखळायचो. आता रोज ऐकून ऐकून हात आपसूक थांबतोय." रेगेची रीतच ती, पहिला ठोका मोकळा सोडायचा. तेवढ्यात चौथं गाणं लागलं. त्यांनी बोट वर केलं. "गप. ऐक. हां, हितं! हितं घाबरलास तू."

खरंच घाबरलो होतो. घाई झाली होती, आणि कुणाला कळतंय म्हणून आम्ही ते तसंच ठेवलं होतं. आजवर कुणाला कळलंही नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो.

"असू दे," म्हणत त्यांनी कोयता उचलला. "पण ती जागा जवळ आली, की रोज माझा जीव टांगणीला लागतोय बघ."