उत्तर कुणी मागितलंच नाही

आमच्या ऑफिसची मला मनापासून शिसारी आली आहे. ताईचं जे झालं ते बघून दुसऱ्या कुणालाही आली असती. ती माझी थोरली बहीण, आणि ऑफिसात बसते माझ्या मागच्याच टेबलावर. तिथे आम्ही व्हर्च्युअल मशीन बनवतो, म्हणजे प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम. हे मशीन आधी बाइटकोडच्या, म्हणजे त्याच्यासाठीच्या मधल्या भाषेतल्या, सूचना एकेक करून वाचतं आणि पाळतं. एखादा भाग पुन्हापुन्हा चालायला लागला, की त्याचा प्रोसेसरला थेट कळणारा मशीन कोड करून ठेवतं, आणि तो करताना फुकटचं काम गाळतं. गाळलेलं खरंच फुकटचं होतं का, हे ताई बघते, ओळ न् ओळ, डोळ्यांत तेल घालून. जेवणातला केसही नेमका तिलाच सापडतो, म्हणून आई तिच्या शेजारी जेवायला बसत नाही.

गेल्या महिन्यात वेगाच्या चाचणीत नवं मशीन शंभरपट वेगवान निघालं. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. ताईनं मशीन कोड उघडला, तर आत हिशेबच नाही. चाचणी लिहिणाऱ्या शहाण्यानं मोठा हिशेब करायला सांगितला होता, पण त्याचं उत्तर ना छापलं, ना कुठे वापरलं. उत्तर कुणालाच नको म्हटल्यावर मशीननं हिशेब सगळाच गाळला. न केलेल्या कामाला वेळ कितीसा लागणार? ताईनं उत्तर छापायची एक ओळ घालून चाचणी पुन्हा चालवली, तेव्हा नवं मशीन जुन्याहून जरा मंदच निघालं.

ताईनं हे सांगितलं, तेव्हा साहेब जांभई देत म्हणाले, "मॅडम, आकडा ग्राहकांकडे गेलाय. या वेगाचं बक्षीसही तुमच्याच नावानं आहे. आता दुधात मिठाचा खडा टाकू नका."

"खोट्यावर माझं नाव नको," ताई घरी येताना म्हणाली.

बक्षीस समारंभात ती माइकपाशी गेली. "हा वेग खरा नाही. यात काही काम झालेलंच नाही," तिनं स्वच्छ सांगितलं.

मग साहेब उठले. "याला म्हणतात विनय. एवढं करूनही म्हणते, काही केलं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या एका ग्राहकाला तर गहिवरून आलं. साहेबांनी ढाल तिच्या हातात कोंबली आणि तिला बोलू न देता फोटो काढून घेतला.

घरी आईनं विचारलं, "काय बोललीस गं?"

"खरं तेच."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या."

ताईनं साबण लावून हात धुतले, मग पुन्हा धुतले. ते कोरडे करून ती राजीनामा लिहायला बसली. कारण म्हणून तिनं एकच वाक्य लिहिलं: माझ्या कामाचं उत्तर इथे कुणीच वापरत नाही.

साहेबांनी तो न वाचताच मंजूर केला.