आपाचे लाल-हिरवे पट्टे

आपाला अंधाराची भीती वाटायची आणि तिचं सगळं काम अंधारात चालायचं. आमच्या प्रयोगशाळेतला मोठा सूक्ष्मदर्शक काळे पडदे लावलेल्या खोलीत होता. दार लावून दिवा घालवल्याशिवाय त्यात काही दिसत नसे. म्हणून आपा कुणाला तरी सोबतीला बसवायची. मी संशोधनासाठी तिथं गेले, तेव्हा ते काम माझ्याकडं आलं. ती गेवराईची, मी त्याच तालुक्यातल्या चकलांब्याची. एवढं कळल्यावर तिनं माझी आणखी चौकशी केली नाही. "इथं बस," ती म्हणाली, "आन बोलत राहा. काय बी बोल."

तिच्या वडिलांचं हायवेला लागून गॅरेज होतं. लहानपणी ती ट्रकखालच्या खड्ड्यात उतरलेली असताना वीज गेली होती. भीतीचं कारण तिनं एवढंच सांगितलं, आणि तेही हसत.

आपा गव्हाच्या रानटी भाऊबंदांवर काम करायची. ही नुसती गवतं, पण गव्हावरच्या तांबेरा रोगाला दाद न देणारी. तो गुण गव्हात आणायचा, तर गवताचं कुठलं गुणसूत्र गव्हात उतरलंय ते कळायला हवं. आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळी गुणसूत्रं सारखीच, आखूड काड्यांसारखी. ओळखायची कशी, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ट्रका बघ. लांबून सगळ्या सारख्याच. आमचे अब्बू मागच्या रंगकामावरून सांगायचे, ही कुणाची गाडी हाय ते." डीएनएमधले काही छोटे तुकडे हजारो वेळा पुन्हा पुन्हा येतात. त्यांना चिकटणारा चमकता रंग आपा वापरायची. जिथं ते तुकडे दाटीनं असतील, तिथं पट्टा उजळायचा. पट्ट्यांच्या जागा बघून ती गुणसूत्राला क्रमांक द्यायची. तेवढा वेळ तिला भीतीची आठवण राहत नसे, आणि माझं बोलणंही ऐकू येत नसे.

गवताशी संकर केलेला एक गहू प्रयोगाच्या शेतात तांबेऱ्यातही हिरवागार राहिला होता. त्यात उतरलेल्या गुणसूत्राचा क्रमांक आपानं सांगितला होता, आणि त्यावरून पुढच्या पिढीची रोपं निवडली जाणार होती. तिचा प्रबंधही लिहून होत आला होता. तेव्हा तिनं त्याच गवताची, पण दुसऱ्या मुलखातल्या बियांची रोपं तपासायला घेतली. गवत तेच, पट्टे मात्र वेगळे. काही गायब, काही नव्याच जागी. एकाच रोपावरून बसवलेली तिची ओळख कच्ची ठरत होती. आमचे मार्गदर्शक सर समजुतीनं म्हणाले, की प्रबंध आहे तसा दे, हे नंतर बघता येईल. आपा बॅग भरून गेवराईला निघून गेली.

ईदला मी तिच्या घरी गेले. ती परत येईल असं मला वाटत नव्हतं. शिरखुर्म्याची वाटी हातात देऊन ती शेजारी बसली. सर म्हणतात तसं देऊन टाक की, मी म्हणाले.

"माझ्या नंबरावर लोक रोपं निवडणार हायत," ती म्हणाली. "माझा प्रबंध कपाटात ऱ्हाईल, आन तांबेरा लोकांच्या रानात."

तिचे अब्बू दारात उभे होते. त्यांना यातलं किती कळलं ठाऊक नाही. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, की हिच्यासोबतच जा, म्हणजे प्रवासात सोबत होईल.

परतल्यावर आपानं पहिल्या तुकड्याच्या जोडीला दुसऱ्या एका तुकड्याचा रंग घेतला. आता लाल आणि हिरवे असे दोन्ही पट्टे दिसू लागले. तिनं जागोजागच्या बियांची रोपं शेजारी शेजारी ठेवून तपासली. काही पट्टे रोपागणिक बदलत होते, काही मात्र प्रत्येक रोपात जागेवरच होते. त्या न हलणाऱ्या पट्ट्यांवरून तिनं सगळी ओळख नव्यानं बसवली. या कामात वर्ष सरत आलं, आणि माझ्याकडच्या गावच्या सगळ्या गोष्टी सांगून संपल्या. एका दुपारी, तांबेऱ्यात टिकलेला तो गहू तपासताना, ती पहिल्यांदाच मला म्हणाली, "थांब जरा." मग तिनं पट्टे पुन्हा मोजले. "मी सांगितलेलं गुणसूत्र हे न्हाईच. दुसरंच हाय."

सरांनी स्वतः येऊन बघितलं आणि रोपांची निवड थांबवली. ती नव्या ओळखीनं पुन्हा झाली.

प्रबंध उशिरा झाला, पण झाला. परदेशातून बोलावणं आलं असताना आपानं गेवराईच्या कॉलेजात नोकरी धरली. आमच्यातल्या काहींना हळहळ वाटली. ती म्हणाली, इथल्या पोरींनी गुणसूत्र नुसतं चित्रात बघितलंय.

गेल्या रब्बीत त्या गव्हाचा वाण चाचणीसाठी चकलांब्याला आमच्या रानातही पेरला होता. आभाळ ढगाळ राहिलं आणि शिवारात तांबेरा आला. मी फोन केला, तशी आपा पोरींना जीपमध्ये घालून आली. शेजारच्या गव्हातून येताना तिच्या पांढऱ्या ओढणीला तांबेऱ्याची तांबूस भुकटी लागली. मग ती आमच्या वाफ्यात शिरली. एकेक पान मुठीतून ओढत ती ओळीच्या टोकापर्यंत गेली. माझे वडील मागोमाग जाऊन कसा आहे, कसा आहे विचारत होते. टोकाला पोचल्यावर आपा वळली आणि सगळ्यांपुढं तळहात उघडला. त्याला नुसता पानांचा ओलावा लागला होता.