बिब्ब्याचा डाग

आज सूनबाईने टाचेच्या भेगेला लावायला बिब्बा दिव्यावर धरला आणि त्या जळकट, तेलकट वासासरशी मी मंठ्याच्या वैद्याच्या ओसरीवर जाऊन पोचलो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं ते वर्ष. माझ्या बायकोच्या, सुमनच्या छातीतली गाठ त्या वैद्याने गरम बिब्ब्याने डागली होती. ती कॅन्सरची आहे हे औरंगाबादच्या दवाखान्यात कळलं, तोवर फार उशीर झाला होता. तिचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी खिशात बिब्बा घालून मंठ्याला गेलो. वैद्याच्याच चुलीवर तो सुईला टोचून तापवला.

"हात पुढं कर," मी म्हणालो.

त्याने निमूट हात पुढे केला. "डाग बाबा. पन एक सांग, ती मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून रडून राह्यली व्हती, तव्हा तिचे हात कुणी दाबून धरल्ते? म्या तर न्हाई."

मी तेल सुटलेला बिब्बा त्याच्या मनगटावर टेकवला आणि तो कण्हेपर्यंत काढला नाही. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

अजूनही आठवडी बाजारात तो दिसला की मी मुद्दाम त्याचं मनगट बघतो. काळा डाग तसाच आहे. मग घरी येईपर्यंत माझे दोन्ही हात खिशात असतात. त्यांच्यावर साधा ओरखडाही नाही.