पावणेसहाची हाक

फोन वाजला तेव्हा सकाळचे सात वाजले असतील. माझी बायको कौसल्या नुकतीच व्यायामाच्या वर्गावरून आली होती, पायांतले पांढरे बूट अजून काढायचे होते. तिनं फोन उचलला, नुसतं "व्हय... व्हय..." करत ऐकलं आणि बूट घातलेलीच खाली बसली. "दाजी गेलं," म्हणाली. दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे मालक, माझे साडू सदूभाऊ. दौंडला लेकाच्या घरी वारले. माणूस गेल्यावर पहिल्यांदा काय वाटलं ते कुणी खरं सांगत नाही. मी सांगतो. मला राग आला. ह्यातही हा गडी माझ्या आधी नंबर लावून गेला, असं वाटलं. दुःख झालं, नाही असं नाही, पण ते मागून आलं...

त्याला महिना होऊन गेला. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायचा सराव नाही. पण शिरूरमध्ये सगळे सदूभाऊंबद्दल गोड गोड बोलतायत, आणि त्यांच्यावर माझ्याइतकं जळलेलं दुसरं कुणी नाही. तेव्हा चार शब्द लिहायचा हक्क माझा आहे.

मी तालमीतला माणूस. आमचे बापजादे मेंढरं राखायचे, माझ्या वडिलांनी शेती धरली आणि मी माती धरली. केंदूरच्या, मांडवगणच्या जत्रेत कुस्त्या मारल्या. एका कुस्तीचा कप अजून घरात फळीवर आहे. पुढं घोड नदीकडच्या आमच्या तालमीत तीस वर्षं वस्ताद म्हणून राहिलो. हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती स्वतः खोऱ्यानं उकरायचो. शिरूरमध्ये शरीराची गोष्ट निघाली की माझं नाव निघायचं. आणि सदूभाऊ? दौंडला रेल्वेत गार्ड. शिडशिडीत, छाती आत गेलेली, शर्टाच्या खिशात शिट्टी. लग्नकार्यात आम्ही साडू शेजारी शेजारी जेवायला बसलो की मला फार बरं वाटायचं.

नव्वद सालानंतर दिवस फिरले. माझे पैलवान रांजणगावच्या कंपन्यांत लागले. शिफ्ट ड्युटी करून आलेला गडी जोर काय मारणार? उरलेले स्टँडजवळच्या आरशाच्या जिममध्ये जायला लागले. हौद्यातली माती घट्ट व्हायला लागली. त्याच सुमाराला सदूभाऊ रिटायर झाले. बायकोला बहिणीजवळ राहायचं म्हणून आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून दोन खोल्या बांधल्या आणि शिरूरकर झाले. वर्षभरात त्यांनी मार्केट यार्डातल्या कांद्याच्या लिलावाच्या शेडमध्ये सकाळी सहाला व्यायामाचा वर्ग सुरू केला. लिलाव नंतर, आधी कवायत. सुरुवातीला साखरेचे पाच-सहा पेशंट होते. बघता बघता शेड भरलं. शिक्षक, व्यापारी, नऊवारीवर बूट घातलेल्या म्हाताऱ्या, सगळे कांद्याच्या पाचोळ्यात उभे राहून शिट्टीवर हात वर, हात खाली. शेवटी सगळ्यांनी मिळून मोठ्यानं हसायचं. मी एकदा ट्रकच्या आडून बघून आलो. घरी येऊन म्हणालो, "हे वाळवण घालणं झालं, ह्याला व्यायाम म्हणत न्हाईत."

कौसल्या म्हणाली, "माझं गुडघं दुखत्यात. मी जाणार हाय उद्यापासून."

"घरात वस्ताद असताना तू गार्डाकडं शिकणार?"

"तुमच्या तालमीत बाईमाणसाला उंबरा तरी ओलांडू देता का? मग?"

मी ताकीद दिली, जायचं तर जा, पण त्या वर्गाचं एक अक्षर माझ्या घरात बोलायचं नाही. ती आठ वर्षं बोलली नाही. माझी ताकीद कुणी एवढी कडक पाळली नव्हती, आणि त्यात माझंच नुकसान झालं. ते पुढं येईल.

त्या वर्गात सदूभाऊंनी एक गोष्ट आमच्यातून उचलली होती, ती म्हणजे जोड. जत्रेत पंच दोन पैलवान खांद्याला खांदा लावून उभे करतात, अंगानं सारखे दिसले की जोड ठरते आणि कुस्ती लागते. सदूभाऊ तसेच दोन दोन माणसं उभी करून जोड लावायचे. कधी मातीत न उतरलेला माणूस माझ्या आखाड्यातली रीत घेऊन म्हाताऱ्यांच्या कवायतीला वापरतो, हे मी चहाच्या टपरीवर ऐकलं तेव्हा मला चहा गोड लागेना.

आणि रोज पहाटे पावणेसहाला ते माझ्या दारात यायचे. फाटकाशी उभे राहून शिट्टी दोनदा वाजवायचे आणि हाक मारायचे, "वस्ताद, येताय का?" बाहेरच्या माणसाला ह्यात काही वाटणार नाही. पण आमच्यात दुसऱ्या तालमीचा गडी दारात उभा राहून वस्तादाला हाक मारतो ती कुस्ती मागायला. ती हाक ऐकून जो घरात बसून राहतो त्याची पाठ मातीला लागली असं धरतात. मी आत अंथरुणात बसून मुठी वळायचो. हा गडी रोज मला हरवून जातोय, तेही माझ्या बायकोला सोबत नेता नेता. एकदा न राहवून मी बाहेर आलो.

"कुस्ती मागताय का पाव्हणं?"

ते हसले. "मागतोय असंच समजा. या की मैदानात."

मी दार लावून घेतलं. कौसल्या माझ्या मागून चपळाईनं निघून गेली होती, तिचे गुडघे आता दुखत नव्हते, ह्याचाही मला रागच आला.

एक मेच्या दिवशी ते ज्येष्ठांची चालण्याची स्पर्धा ठेवायचे, मार्केट यार्डापासून नदीच्या पुलापर्यंत आणि परत. पळायचं नाही, आणि जोडीतला दुसरा माणूस पोचला की मगच त्या जोडीचं चालणं संपलं असं धरायचं. मी पुलाजवळ आडोशाला उभा होतो. लोक दुतर्फा टाळ्या वाजवत होते. ह्याच रस्त्यानं एका काळी मला हलगी वाजवत नेलं होतं. कौसल्या आणि तिची जोड असलेल्या एक रिटायर मास्तरीणबाई झपाझप येत होत्या. कौसल्येचा पदर खोचलेला, चेहरा घामानं लाल, आणि ती हसत होती. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं... बक्षीस म्हणून तिला स्टीलचा तांब्या मिळाला. घरी येऊन तिनं तो फळीवर माझ्या कपाशेजारी ठेवला. मी उचलून चुलीपाशी ठेवला. तिनं परत वर ठेवला. मी परत खाली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तुमच्या कपाला माझा तांब्या काय चावतोय का?" तांब्या वर राहिला.

मागच्या हिवाळ्यात सदूभाऊंच्या छातीनं दगा दिला. लेकानं दोघांनाही दौंडला नेलं. पुढं एक दिवस मी एकटा एसटीनं दौंडला गेलो. लोक म्हणतात, वस्ताद किती मायेनं भेटायला गेले. खरं सांगतो, मी त्यांना पडलेलं बघायला गेलो होतो. धोतर कडक इस्त्रीचं नेसलो, फेटा बांधला, छाती काढून त्यांच्या खोलीत गेलो. खिडकीबाहेर गाडीचा आवाज येत होता. ते उशीला टेकून बसले होते, हाताच्या काड्या झाल्या होत्या.

"आला का वस्ताद? बसा. वर्ग चाललाय ना?"

"मला काय म्हाईत? मी काय जातो व्हय तिथं?"

"त्ये बी खरं." थोडा वेळ दम खाऊन म्हणाले, "एक नियम हाय आपला. जोड आली न्हाई, का दुसऱ्यानं तिच्या दारात जायाचं. हाक मारायची. आली तर आली."

"असंल. मला काय त्याचं?"

"आवं, माझी जोड तुम्ही. पयल्याच दिवशी नाव घातलंय तुमचं. आठ वर्सं येत हुतो दारात, दौंडला असलो ते दिवस सोडून."

मी म्हणालो, "तुम्ही कौसाला न्यायला येत होता."

"तिला न्यायाला मास्तरीणबाई यायच्या, कोपऱ्यावर थांबायच्या. तुमच्या फाटकाशी यायला भ्यायच्या त्या." हसताना त्यांना खोकला लागला. मग पाणी पिऊन माझ्याकडं बघत म्हणाले, "आज मी गैरहजर. आन् तुम्ही आला बघा दारात."

मी त्या वेळी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "साडेचारची एसटी हाय." आणि उठलो... पाच दिवसांनी तो फोन आला.

दहावा घोड नदीवर झाला. वर्गातली सगळी माणसं आली होती. घाटाच्या वरच्या अंगाला पांढऱ्या बुटांची लांब रांग लागली होती, दोन-दोन जोडीनं काढून ठेवलेले. त्या रांगेकडं बघताना माझ्या मनात पुन्हा तेच आलं, माझ्या दहाव्याला एवढी येतील का? सवय अशी एकदम जात नाही. त्या रात्री नाही, पण चार दिवसांनी मी कौसल्येला विचारलं, "मी त्यांची जोड, हे तुला ठाऊक होतं?" ती म्हणाली, "व्हय. पण बोलायचं न्हाई अशी तुमचीच ताकीद."

दुसऱ्या दिवशी मी बूट नाही, वहाणा घालून शेडमध्ये गेलो. मास्तरीणबाई आता शिट्टी वाजवतात. बैठका सगळ्यांच्या चुकतात, ते मी तिथंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "वस्ताद, तुमची जोड?" मी म्हणालो, "आज आली न्हाई." मग नियम आहे म्हटल्यावर नियम.

तेव्हापासून रोज पावणेसहाला मी दोन गल्ल्या ओलांडून सदूभाऊंच्या दोन खोल्यांपाशी जातो. त्यांच्या मालकीण इंदूताई दौंडलाच असतात, दाराला कुलूप आहे. फाटकाशी उभा राहून हाक मारतो, "पाव्हणं, येताय का?" पहिल्या दिवशी समोरची बाई झाडू हातात धरून बघत राहिली. आता आत बसून राहायची पाळी त्यांची, म्हणून मला थोडं बरंही वाटतं. पण हाक मारून झाल्यावर मिनिटभर तसंच थांबावं लागतं, कुणी येत नाही हे माहीत असून. हौद्यात मी अर्धा अर्धा तास झुंजलो आहे, पण एवढा दम मला कधी लागला नव्हता.