आयरिनबायचा तिसरा रविवार

मी आनंदी. राहते पेणकरपाड्यात, सुकी मासळी विकते भाईंदर पश्चिमेच्या बाजारात आणि माल घेते उत्तनच्या आयरिनबायकडून. एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्या बाईने मला एक बोंबील जास्त दिला नाही आणि एक शिवी कमी दिली नाही.

छप्पन्न वर्षांची, काटक. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी मिशेल बेव्हर्ली पार्कात सातव्या मजल्यावर राहते, ती आईला बोलावून बोलावून थकली. आयरिनबाय म्हणते, "तिथं बोंबील कुठं वाळत घालू, तुझ्या बेडरूमात?" सकाळ झाली की ही किनाऱ्यावर उभी. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. हात चालू, तोंड त्याहून चालू.

तर मागच्या वर्षी तिच्याकडे एक नवीन गिऱ्हाईक यायला लागलं. इग्नेशियस. बोटीवरच्या नोकरीतून रिटायर होऊन गावातल्या घरी परतलेला, बायको वारलेली, पोरबाळ नाही, शर्टाला कडक इस्त्री. दर मंगळवारी दोन किलो सुके बोंबील न्यायचा. एकटा माणूस! मी म्हटलं, "बाय, हा खातो का अंथरतो?" शेवटी त्याच्या शेजारणीनेच बोंब मारली. घरात गोणी भरलीय आणि गल्लीतली सगळी मांजरं त्याच्या दारात मुक्कामाला!

"हाच तो," आयरिनबाय म्हणाली. हात थांबले नाहीत, पण मान खाली गेली.

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार देवळात नवरानवरीची नावं मोठ्याने वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. चर्चला ती लोकं देऊळच म्हणतात. चौतीस वर्षांपूर्वी या दोघांची नावं दोन रविवार वाचली. तिसऱ्या रविवारी नवरदेव गायब! बोटीवर नोकरी लावणाऱ्या एजंटचा निरोप आला आणि हा तोंड न दाखवता बोटीवर चढला. ही नवीन साडी नेसून पुढच्या बाकावर, आणि फादरांनी कागद घडी करून ठेवला. अख्ख्या गावासमोर. मला ऐकूनच असा संताप आला की पुढच्या मंगळवारी मी त्याला बघून थुंकले. बाजूला थुंकले, पण त्याला कळेल असं.

आणि या शहाण्याने मागणी कशी घातली असेल? म्हणतो, "आयरिन, दोन वेळा नावं वाचून झालीत. एकच वेळ बाकी हाय. फादरांना सांगू, तेवढी उरकून टाका."

"ती काय मोबाईलची व्हॅलिडिटी हाय?" आयरिनबाय कडाडली. "पहिल्यापासून वाचायची! आणि तिन्ही रविवार तू पुढच्या बाकावर बसायचंस, सगळ्यांना तोंड दाखवत. एकदा जरी बाक रिकामा दिसला, तरी संपलं."

तो गेल्यावर मी म्हटलं, "अगंबाई, म्हणजे हो म्हणालीस की!" तर टोपली फेकून मारली मला.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम धंदा बंद ठेवून गेले. मी हिंदू बाई, मागे उभी राहून मजा बघितली. इग्नेशियस बाकावर, कान लाल. बायका एकमेकींना कोपरं मारतायत. आयरिनबाय दोन बाकं मागे, जशी काही ओळखच नाही. दुसऱ्या रविवारीही तसंच.

तिसऱ्या रविवारी तो बसलेला, पण आयरिनबायच नाही.

तो दर मिनिटाला मागे वळून बघतोय. फादर नावांचा कागद उघडणार, एवढ्यात हा उठला आणि सगळ्यांसमोरून तरातरा बाहेर! देवळात कुजबुज, "गेला. परत गेला." माझं तर डोकंच फिरलं. चप्पल हातात घेतली आणि धावले मागे. आज त्याला बसस्टॉपवर गाठून बडवणारच होते.

पण मेला बसस्टॉपकडे वळलाच नाही. तो धावत सुटला किनाऱ्याकडे, बोंबलांच्या दोऱ्यांखालून वाकत, शर्टाला मासळीचा चुरा लागतोय त्याची शुद्ध नाही.

आयरिनबाय तिथे उलट्या टबावर बसली होती. नवीन साडी, केसात गजरा, आणि हात मांडीवर रिकामे. हे हात मी एकोणीस वर्षांत कधी रिकामे बघितले नव्हते.

"मला बघवणार न्हवता रिकामा बाक," ती मला म्हणाली. त्याच्याकडे बघेचना. "मेला परत गेला असता तर मी मेले असते, आनंदी."

इग्नेशियस धापा टाकत उभा. "मला वाटलं, तू न्हाय म्हणतेस."

"आणि नावं? वाचली?"

"ठाऊक न्हाय. मी उठून आलो."

"म्हणजे तिसऱ्या रविवारी तू परत बाकावर न्हायस!"

मी चप्पल गुपचूप पायात घातली. आयरिनबायने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, पदराने डोळे पुसले, त्याच पदराने त्याच्या शर्टावरचा चुरा झटकला आणि मनगट धरून त्याला ओढतच देवळाकडे निघाली.

मधल्या दारातून आत. अख्खं गाव वळून बघतंय. फादरांचा कागद वाचून झाला होता, ते घडी घालत होते.

"फादर," आयरिनबाय बाकांच्या मधूनच ओरडली, "परत वाचा. आम्ही दोघं न्हवतो."

सगळं देऊळ हसलं. फादरही हसले. मग ती दोघं पुढच्या बाकावर जाऊन बसेपर्यंत ते थांबले, कागद पुन्हा उघडला आणि सावकाश वाचला.