गणितावर मारलेली काट

काकांनी माझ्या बहिणीचा कॉलेजचा अर्ज मूर्तीच्या पाटावर ठेवला आणि गणितावर काट मारली. कारखान्यातल्या सगळ्या बाया बघत होत्या.

"काय गो, मूर्ती घासणारीला मी गणपतीचे डोळे आखायला बसवतो काय? हिला गणित काय डोंबल येणार? पोरी, इतिहास घे. पास तरी होशील."

बाया हसल्या. मीसुद्धा हसले.

काका म्हणजे पेणच्या आमच्या गणपती कारखान्याचे मालक. सातवीत शाळा सुटली आणि मी नांदेडकडून इथं आले. त्यांनी काम दिलं, राहायला खोली दिली. बहिणीला गावाहून आणलं तर तिलाही राहू दिलं. रेशनचा असो नाहीतर दवाखान्याचा, कुठलाही कागद आधी काकांच्या हातात द्यायचा ही आम्हा कामगार बायांची रीत. कुणी घालून दिलेली नाय. हा अर्जही मीच नेऊन दिला. पालक म्हणून त्यांनी स्वतःचं नाव टाकलं. मला त्याचा मान वाटला.

बहिणीला अर्थशास्त्रात पीएच.डी. करायचीय. तिनं मला आधीच समजावलं होतं, मेजर म्हणजे मुख्य विषय अर्थशास्त्र, मायनर म्हणजे जोडीचा विषय गणित, त्याशिवाय पुढं निभाव नाय. बारावीचं गणित तिनं शिकवणीशिवाय, एकटीनं काढलेलं. सगळं ठाऊक असून मी तिला म्हटलं, "काकांच्या पाया पड."

ती पडली. उठल्यावर माझ्याकडं बघितलं नाही.

काट काकांनी मारली. मान तिची मी वाकवली. ते माझ्याच अंगावर आहे.

पाचव्या दिवशी मी तिच्या अर्थशास्त्राच्या बाईंना गाठलं. हाताला माती तशीच. बाई रोह्याची गाडी पकडायच्या घाईत होत्या, तरी थांबल्या. मी विचारलं, आता इतिहास घेऊन नंतर गणित नाय का करता येणार? मला तेवढंच ऐकायचं होतं. बाई म्हणाल्या, डिग्री मिळेल, पण कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र आत्ता झालं नाही तर चांगल्या ठिकाणच्या पीएच.डी.ला मुलगी दारातच अडेल. विषय शनिवारपर्यंत बदलता येतो. पालकानं यायला हवं, मोठी बहीण असली तरी चालेल.

शनिवारी मी गेले. खिडकीवरच्या क्लार्कनं विचारलं, "पालकाचं शिक्षण?"

"सातवी."

त्यानं मान वर करून बघितलं. इतिहासाच्या जागी मी गणित लिहिलं. खाली सही केली. पालकाच्या जागी माझं नाव आलं.

काकांना मीच जाऊन सांगितलं. ते ओरडले नाहीत. "एवढं केलं तुमच्यासाठी," एवढंच म्हणाले.

"केलंत काका. जन्मभर विसरणार नाय. पण हिचे कागद यापुढं मी बघणार."

आमची खोली त्यांचीच. जवळच्या गडब गावात दुसरी मिळते का, चौकशी लावलीय.

बहीण म्हणाली, "ताई, नाय जमलं गणित तर?"

"तर नापास हो. परत बस. पण दुसऱ्यानं ठरवलेल्या विषयात मी तुला पास होऊ देणार नाय."