लाल दिवा तिने पाहिला होता

परवा शेजारच्या लग्नात पुन्हा तेच ऐकलं. विहारासमोरच्या मंडपात पंगत बसली होती. माझी मुलगी पाण्याचा जग घेऊन वाढत होती. नवरदेवाचा मामा मला म्हणाला, "काकाजी, वरातीले गाडी तुमचीच पाहिजे. पण चालवायले पोरगी नोका देऊ, नाही तर हेही इंजिन खाऊन टाकन!" सगळे हसले. मुलगीही हसली. लग्नघरात दुसरं काय करणार ती?

मी मात्र पेटलो. कारण हे हसणं मीच सुरू होऊ दिलं.

माझी आधीची गाडी म्हणजे आमच्या आसगावातल्या प्रत्येक नवरदेवाची हक्काची गाडी. तिला फुलांच्या माळा लावायच्या, आत नवरदेव बसवायचा, पुढे बँड. पोरं नाचतील तिथे वरात थांबणार. नवरदेवाला घाम येऊ नये म्हणून एसी चालू, म्हणजे इंजिनही चालू, तासन् तास. घरी आल्यावर मी मीटर बघून खूश व्हायचो, किलोमीटर झालेच नाहीत म्हणून. मुलगी म्हणायची, "बाबा, ऑइल बदलवून घ्या."

"गाडी चाललीच कुठं? कायले बदलवू?"

कमी झालं की वरून थोडं ओतायचं, एवढीच माझी देखभाल.

त्याच गाडीवर शिकून तिने लायसन काढलं. एकदा भंडाऱ्याला लग्नाला निघालो, गाडी तीच चालवत होती. पहेला गाव मागे पडल्यावर म्हणाली, "बाबा, ऑइलचा लाल दिवा लागून राहिला. थांबू का?"

"तिकडं लग्न लागून जाईन. वायर ढिली असन. चालव."

"पण बाबा..."

"चालव म्हणतो ना!"

कारधा गावाच्या अलीकडे इंजिनातून ठकठक ऐकू आली आणि ते जाम झालं. टपरीवरची माणसं जमली. एकजण म्हणाला, "बाईमाणसाच्या हाती गाडी देली का असंच होते. गेअर चुकवला असन." मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी रुमालाने कपाळ पुसत राहिलो.

मेस्त्रीने इंजिन उघडलं तेव्हा मी एकटाच गेलो होतो. झाकणाखाली तेल कसलं, काळा चिकट गाळ होता, खरवडून काढावा लागेल असा. तळातून तेल ओढणारी जाळी त्या गाळाने पार बुजली होती, म्हणून वर तेल पोचलंच नव्हतं. मेस्त्री खेकसला, "इंजिन हाय का डांबराचा डबा? गाडी उभी असली तरी इंजिन चालू होतं ना? तेल खराब होणार नाही तर काय होईन?"

घरी येऊन मी एवढंच सांगितलं, "जुनी गाडी होती." पोरीने बिघडवली असं मी कधी म्हणालो नाही, ही फुशारकी मी स्वतःशी किती वर्षं मारली! मी गप्प बसलो आणि लोकांनी तिला दोषी ठरवलं. यात मी कुठे स्वच्छ राहिलो?

पुढे दुसरी गाडी घेतली. मुलगी तिच्या स्टेअरिंगला शिवली नाही. नोकरीला लाखांदूरला एसटीने जाते, बहुतेक वेळा उभ्याने.

परवा मात्र मी भर पंगतीत ताटावरून उठलो आणि मोठ्याने सगळं सांगितलं. दिवा, गाळ, माझा हट्ट, काही बाकी ठेवलं नाही. तर नवरदेवाचा मामा काय म्हणाला? "जाऊ द्या काकाजी. पोरीचा बाप हाय, बाजू घेईनच!" पुन्हा हशा. कुणी न पाहिलेली गेअरची चूक या लोकांना पटते, आणि ज्याने गाडी बिघडवली तो समोर उभा राहून सांगतो ते पटत नाही! मी पुरुष आहे, एवढ्यावर माझी चूक यांना दिसतच नाही.

मुलीने जग खाली ठेवला. "बाबा, हे कारध्याले सांगायचं होतं," एवढं म्हणून ती आत गेली.

तिथेच सांगायचं होतं. आता मंडपात कुणी ऐकत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. दिवा तिने पाहिला. थांबू का, हेही तिनेच विचारलं. चालव म्हणालो तो मी.